जनमत चाचण्यांचे चढउतार आणि मतदार : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांतून काय दिसते

निवडणुकीच्या आधी मतदारांपैकी काही जणांना निवडून, त्यांचा कल विचारून, त्यावरून सगळ्या मतदारांचा कल सांगण्याच्या पद्धतीला जनमत चाचणी किंवा ओपिनियन पोल म्हणतात. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारले तर ती मतदानोत्तर चाचणी, म्हणजे एक्झिट पोल. आपल्याकडे या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. एक्झिट पोलचा आकडा मत दिल्यानंतर गोळा होतो. ओपिनियन पोलचा आकडा मत द्यायच्या आधी मतदाराच्या कानावर पडतो, आणि तो ऐकून मतदार काहीतरी करतो. तो काय करतो, हा या लेखाचा विषय आहे.

यासाठी अमेरिकेचे उदाहरण सोयीचे आहे. तिथे अध्यक्षपदाचा प्रचार वर्षभराहून जास्त चालतो, शेकडो चाचण्या होतात, आणि त्यांचा अभ्यास १९४० पासून सलग होत आला आहे. वर-खाली होणाऱ्या आकड्यांबद्दलचे आपले बरेच समज त्या अभ्यासांपुढे टिकत नाहीत.

आकडा किती हलला म्हणजे खरोखर हलला?

साधारण १,००० लोकांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीत ३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात. बातमीत मात्र दोन उमेदवारांमधली आघाडी सांगितली जाते, आणि आघाडीतली संभाव्य चूक याच्या जवळपास दुप्पट असते. म्हणजे मागच्या आठवड्यात ४ टक्क्यांनी पुढे असलेला उमेदवार या आठवड्यात १ टक्क्याने मागे दिसला, तरी एकाही मतदाराने मत बदललेले नसण्याची शक्यता असते. ही फक्त नमुना निवडण्यातली चूक झाली. कोणाला विचारले, कोणी उत्तर दिले, मतदानाला कोण जाईल असे गृहीत धरले, या चुका वेगळ्या आणि बहुधा मोठ्या असतात.

१९३६ सालचा 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाचा फजितवाडा याच कारणाने प्रसिद्ध आहे. त्यांनी सुमारे १ कोटी लोकांना पत्रे पाठवली, २० लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यावरून आल्फ्रेड लँडन हे फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सहज हरवतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात लँडन यांना मेन आणि व्हर्मोंट ही दोनच राज्ये मिळाली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. महामंदीच्या काळात ज्यांच्या घरी फोन नाही, दारात गाडी नाही, ते या मोजणीत फारसे आलेच नाहीत. शिवाय ज्यांच्याकडे पत्र गेले त्यांच्यातही उत्तर पाठवणारे रूझवेल्टवर चिडलेलेच अधिक होते. आपल्या वस्त्यांत सर्वेक्षणाचे अर्ज घेऊन फिरताना हे मला दर वेळी दिसते. दार उघडणारे आणि न उघडणारे ही एकाच प्रकारची माणसे नसतात. दुपारी जाल तर कामावर गेलेले सुटतात, संध्याकाळी जाल तर स्वयंपाकात अडकलेल्या बायका. साप्ताहिकाची २० लाख पत्रे जे सांगू शकली नाहीत, ते जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान पण काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्यातून सांगितले, आणि चाचण्यांचा धंदा तिथून उभा राहिला.

त्याच गॅलप यांचा अंदाज १९४८ मध्ये चुकला. शेवटच्या आकड्यात थॉमस ड्युई ४९.५ टक्के आणि अध्यक्ष हॅरी ट्रुमन ४४.५ टक्के होते. निकाल जवळजवळ उलटा लागला. एल्मो रोपर या दुसऱ्या चाचणीकाराने तर सप्टेंबरमध्येच निकाल ठरला असे सांगून पुढे विचारणे थांबवले होते. रेल्वेने गावोगावी फिरून भाषणे करणाऱ्या ट्रुमनकडे शेवटच्या आठवड्यांत वळलेले मतदार मोजायला मैदानात कोणी उरले नव्हते. नंतर नेमलेल्या अभ्यासगटाने दोन कारणे दिली : नमुना निवडण्याची सदोष पद्धत आणि उशिरा ठरलेले मत. रिपब्लिकन मतदार विजय गृहीत धरून गाफील राहिले, असे कारणही तेव्हा पुढे आले. हरलेल्या पक्षाला ते सोयीचे असते, म्हणून ते जपूनच घ्यावे.

हवा आणि तिच्या उलट

आपल्याकडे 'हवा कोणाची आहे?' असे विचारतात. हवा असेल तिकडे लोक जातात हा समज जुना आहे आणि अमेरिकेतही तो आहे. मिरवणुकीच्या पुढच्या बँडच्या गाडीत उडी मारून बसणे, अशी त्यांची प्रतिमा. त्याच्या उलट, मागे पडलेल्याबद्दल सहानुभूती वाटून त्याला मत देणे हीसुद्धा ओळखीची गोष्ट आहे. हर्बर्ट सायमन यांनी १९५४ मध्ये या दोन्ही प्रतिक्रियांवर गणिती मांडणी केली. त्यांचा प्रश्न असा होता : अंदाज जाहीर झाल्यावर लोक त्याला प्रतिसाद देणार असतील, तर बरोबर ठरेल असा अंदाज जाहीर करता येईल का? त्यांचे उत्तर होते की काही अटींवर येईल. रॉबर्ट मर्टन यांचा, स्वतःच स्वतःला खरे करणाऱ्या भाकितावरचा निबंध १९४८ चा, म्हणजे ट्रुमन जिंकले त्याच वर्षाचा. बँक बुडणार अशी अफवा पसरली की लोक पैसे काढतात आणि बँक खरोखर बुडते, हे त्यांचे उदाहरण समाजशास्त्राच्या वर्गात अजून शिकवतात. निवडणूक मात्र बँकेसारखी सरळ वागत नाही. तिथे काही जण पैसे काढायला धावतात तर काही जण त्याच बातमीने भरायला येतात.

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत या दोन्ही प्रतिक्रिया लहान असतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना काटतात, असे माझे वाचन सांगते. कारण उघड आहे. ज्याचे मत पक्षाशी बांधलेले आहे तो आकडा पाहून पक्ष बदलत नाही. पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० मध्ये ओहायोतल्या इरी काउंटीत ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून हे तपासले. प्रचाराने एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेले फारच थोडे निघाले. प्रचार बहुतेकांना त्यांच्या मूळ जागीच अधिक पक्के करत होता. १९८८ च्या जुलैमध्ये मायकेल डुकाकिस एका गॅलप चाचणीत १७ टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरमध्ये ते सुमारे ८ टक्क्यांनी हरले. वरवर पाहता देश २५ टक्के फिरला. पण ॲन्ड्र्यू गेलमन आणि गॅरी किंग यांनी १९९३ च्या लेखात विचारले की चाचण्या एवढ्या हेलकावत असताना अंतिम निकाल आधीपासून इतका सांगता कसा येतो? अर्थव्यवस्था आणि मतदाराचा पक्ष, वंश, उत्पन्न, प्रदेश यांवरून निकालाचा अंदाज बांधता येतो. हेलकावे बऱ्याच अंशी मधल्या वाटेवरचे असतात.

मत हलते की माणूस गप्प बसतो?

२०१२ ची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. बराक ओबामा दुसऱ्यांदा उभे होते. सप्टेंबरमध्ये प्यू संस्थेच्या चाचणीत ते ५१ विरुद्ध ४३ असे पुढे होते. ३ ऑक्टोबरला डेन्व्हरला पहिली वादफेर झाली. ओबामा थकलेले, खाली मान घालून बोलणारे दिसले; मिट रॉम्नी तयारीत होते. लगेच झालेल्या प्यूच्या चाचणीत रॉम्नी ४९ आणि ओबामा ४५. तीन आठवड्यांत १२ टक्क्यांचा फेर. ओबामांच्या समर्थकांत घबराट पसरली, रॉम्नींच्या सभा फुलल्या, दूरदर्शन वाहिन्यांना विषय मिळाला.

त्याच काळात संशोधकांचा एक गट एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावरून रोज प्रश्न विचारत होता. उत्तर देणारे सुमारे ३ लाख ४५ हजार लोक. त्यात ९३ टक्के पुरुष, आणि दोन तृतीयांशांच्या आसपास तिशीच्या आतले! नमुना म्हणून इतका वाकडा नमुना शोधून सापडणार नाही. पण त्याचा एक मोठा फायदा होता. तीच माणसे पुन्हा पुन्हा उत्तर देत होती, म्हणून मत बदलले की उत्तर देणारा बदलला हे वेगळे करता येत होते. वय, लिंग, शिक्षण आणि मुख्य म्हणजे पक्ष यांचा हिशेब करून पाहिले तेव्हा वादफेरीनंतरची ती प्रचंड लाट जवळजवळ विरली. ओबामांचे मतदार रॉम्नींकडे गेले नव्हते. ते त्या दिवसांत प्रश्नांना उत्तर द्यायला कमी येत होते, एवढेच. आपला माणूस पडेल चेहऱ्याने उभा असताना त्याच्याबद्दल बोलायला कोणाला आवडते? उलट रॉम्नींचे मतदार बोलायला उत्सुक होते. या अभ्यासाच्या शीर्षकातच संशोधकांनी काठावरच्या मतदाराला 'मिथक' म्हटले आहे.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण चाचणीतल्या चढउताराचा अर्थच तो बदलून टाकतो. आकडा उमेद मोजत असतो आणि आपण त्याला मत समजतो. त्यात दुसरा फेरा असा की खाली आलेला आकडा वाचून उरलेल्यांची उमेदही खचते, स्वयंसेवक कमी येतात, देणग्या आटतात. निवडणुकीत ओबामा ५१.१ टक्के घेऊन जिंकले, रॉम्नींना ४७.२ टक्के मिळाली.

याच वर्षी दुसऱ्या बाजूची प्रतिक्रियाही पाहायला मिळाली. प्रतिकूल आकडे दिसले की रिपब्लिकन समर्थकांतले काही जण चाचण्यांत डेमोक्रॅट जास्त घेतले आहेत असे म्हणत आणि आकडे स्वतः 'सरळ' करून प्रसिद्ध करत. त्यासाठी एक संकेतस्थळही चालले. पुढे २०१७ मध्ये ओझान कुरू, जोश पासेक आणि मायकेल ट्रॉगॉट यांच्या अभ्यासाने हीच सवय मोजून दाखवली : आपला उमेदवार पुढे असलेली चाचणी लोकांना अधिक विश्वासार्ह वाटते. चाचणी कशी घेतली याकडे लक्ष नंतर जाते.

दक्षिण कॅरोलायनाचा हिशेब

आतापर्यंत आपण मतदार म्हणजे एकच जमाव असे धरून बोललो. पण आकड्याला प्रतिसाद देण्याची पद्धत समाजातल्या जागेनुसार बदलते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मतदारांचा अनुभव इथे सर्वांत बोलका आहे.

१९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. चाचण्यांत ते पुढे होते आणि थोडक्यात हरले. १९८९ मध्ये व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर चाचण्यांत ठळकपणे पुढे असूनही अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने कसेबसे जिंकले. गोरा मतदार प्रश्न विचारणाऱ्याला एक सांगतो आणि पडद्याआड दुसरेच करतो, अशी समजूत यातून रुजली. तिला 'ब्रॅडली परिणाम' नाव पडले. कृष्णवर्णीय घरांत तर ती अनुभवाने आधीच होती. म्हणून २००७ च्या उत्तरार्धात ओबामांचे आकडे वाढत असतानाही अनेक कृष्णवर्णीय डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांच्यासोबत होते. त्यांना ओबामा नको होते असे नाही. गोरे लोक ऐनवेळी त्याला मत देतील यावर त्यांचा भरवसा नव्हता.

३ जानेवारी २००८ ला आयोवात पक्षाच्या उमेदवार निवडीची पहिली फेरी झाली. आयोवात ९० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या गोरी. तिथे ओबामा जिंकले. ही चाचणी नव्हती, खरी मते होती. त्यानंतर दक्षिण कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांचा कल ज्या वेगाने ओबामांकडे गेला, त्याला 'हवेबरोबर वाहणे' म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या एका माहितीची ते वाट पाहत होते ती मिळाली, आणि त्यांनी निर्णय घेतला. २६ जानेवारीला ओबामांना त्या राज्यात ५५ टक्के मते पडली, क्लिंटन यांना २७. कृष्णवर्णीय मतदारांत ओबामांचा वाटा एक्झिट पोलनुसार पाऊण हिश्शाहून अधिक होता. सेल्माच्या पुलावर लाठ्या खाल्लेले खासदार जॉन लुईस यांनीही फेब्रुवारीत क्लिंटन यांचा पाठिंबा सोडून ओबामांना दिला. मधल्या काळात ८ जानेवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये सर्व चाचण्या ओबामांना पुढे दाखवत असताना क्लिंटन जिंकल्या होत्या आणि 'ब्रॅडली परिणाम' पुन्हा चर्चेत आला होता. नोव्हेंबरमध्ये मात्र चाचण्यांची सरासरी आणि ओबामांची खरी आघाडी, दोन्ही साधारण ७ टक्के होती. डॅनियल हॉपकिन्स यांनी जुन्या निवडणुका तपासून दाखवले की हा परिणाम १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच ओसरला होता.

२०२० मध्ये त्याच राज्याने उलटा हिशेब केला. जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. आकडे घसरले, दक्षिण कॅरोलायनातली आघाडीही आक्रसली. राजकीय पंडितांनी त्यांची मोहीम संपल्यात जमा केली. २६ फेब्रुवारीला तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला, आणि २९ तारखेला बायडन ४८ टक्क्यांहून अधिक मते घेऊन जिंकले. या प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते. तीन दिवसांनी १४ राज्यांपैकी १० बायडन यांच्याकडे गेली. इथे मतदारांनी घसरत्या आकड्याकडे दुर्लक्ष केले. त्यांचा प्रश्न वेगळा होता : डोनाल्ड ट्रम्प यांच्या विरुद्ध गोरे मतदार कोणाला मत देतील? आपल्या पक्षांच्या भाषेत सांगायचे तर 'इलेक्टिव्ह मेरिट' कोणाचे? २००८ मध्ये या प्रश्नाने ते नव्या माणसाकडे गेले, २०२० मध्ये जुन्या ओळखीच्या माणसाकडे.

या प्रकाराला 'धोरणी मतदान' असे कोरडे नाव आहे. बहुसंख्याकांना मत देताना 'मला कोण हवा' एवढाच विचार पुरतो. अल्पसंख्य मतदाराला त्या आधी 'ते कोणाला स्वीकारतील' हे तपासावे लागते, आणि त्यासाठी तो चाचण्या अधिक बारकाईने व अधिक संशयाने वाचतो. अशा मतदारावर भावनेच्या भरात वाहून गेल्याचा शिक्का मारणारे लेख मी वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांनी हा जादाचा हिशेब कधी केलेला नसावा.

'मत वाया जाईल'

मुख्य दोन पक्षांबाहेरच्या उमेदवारावर चाचणीचा आकडा सर्वांत कठोरपणे काम करतो. १९९२ च्या जूनमध्ये गॅलपच्या चाचणीत अपक्ष उद्योगपती रॉस पेरो ३९ टक्क्यांवर होते, अध्यक्ष जॉर्ज बुश ३१ आणि बिल क्लिंटन २५. जुलैत पेरो रिंगणाबाहेर गेले, ऑक्टोबरमध्ये परत आले आणि शेवटी १८.९ टक्क्यांवर थांबले. राज्य मात्र एकही मिळाले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन ८-९ टक्क्यांवर होते, मिळाली ३.३ टक्के. मतदान जवळ आले की तिसऱ्याचा आकडा गळू लागतो, कारण मतदार तोच आकडा पाहून आपले मत फुकट जाईल असे ठरवतो. २००० मध्ये फ्लोरिडात बुश आणि अल गोर यांच्यात ५३७ मतांचा फरक राहिला. तिथे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते होती. नेडर यांनी मते खाल्ली, हा आरोप त्यांच्यामागे कायमचा लागला. महाराष्ट्रात तिसऱ्या आघाडीच्या, विशेषतः आंबेडकरी पक्षांच्या उमेदवारांना हा आरोप तोंडपाठ आहे; त्यावर अधिक सांगायला नको.

कमी बोलली जाणारी गोष्ट पुढची आहे. अध्यक्षीय वादफेऱ्या घेणाऱ्या आयोगाने २००० पासून नियम केला की पाच राष्ट्रीय चाचण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंबा असलेल्यालाच मंचावर बोलावले जाईल. मंचावर नाही म्हणून ओळख नाही, ओळख नाही म्हणून १५ टक्के नाहीत, आणि १५ टक्के नाहीत म्हणून मंच नाही. हा नियम आल्यापासून तिसऱ्या पक्षाचा एकही उमेदवार त्या फेऱ्यांत उभा राहिलेला नाही. २०२४ च्या २७ जूनची वादफेर सीएनएनने घेतली. तिथेही १५ टक्क्यांची अट होती आणि रॉबर्ट केनेडी धाकटे बाहेर राहिले. मोजपट्टी म्हणून आलेली चाचणी इथे दरवाजावरचा पहारेकरी होऊन बसली आहे.

२०१६ : खात्रीचा परिणाम

२०१६ मध्ये टक्केवारीच्या जोडीला जिंकण्याची शक्यता सांगणारे आकडे घरोघरी पोहोचले. मतदानाच्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या गणितात हिलरी क्लिंटन जिंकण्याची शक्यता ८५ टक्के होती, फाइव्हथर्टीएटच्या गणितात ७१ च्या आसपास, हफिंग्टन पोस्टच्या ९८. सामान्य वाचक '८५ टक्के शक्यता' आणि '८५ टक्के मते' यांत घोटाळा करतो. सहा वेळा फासा टाकला तर एकदा पडणारे दान, एवढी ट्रम्प यांची संधी होती. ते दान पडतेच की.

देशभरातल्या मतांत क्लिंटन २.१ टक्क्यांनी पुढे राहिल्या. राष्ट्रीय चाचण्यांची सरासरी याच्या जवळ होती. पण अध्यक्ष ठरतो राज्यवार मिळणाऱ्या ५३८ इलेक्टोरल मतांनी. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ८० हजारांहून कमी मतांनी निकाल फिरला, आणि राज्यांच्या चाचण्या तिथेच चुकल्या होत्या. चाचणीकारांच्या संघटनेने नंतर दोन कारणे ठळक मांडली. अनेक मतदारांनी अगदी शेवटी मत ठरवले. आणि बऱ्याच राज्यांच्या चाचण्यांत पदवीधरांचे प्रमाण जास्त होऊनही ते हिशेबात दुरुस्त केले गेले नाही. कमी शिकलेला पुन्हा एकदा मोजायचा राहिला. १९३६ शी नाते लागते ते असे.

खात्रीने लोक घरी बसले का? शॉन वेस्टवुड, सॉलोमन मेसिंग आणि यफ्ताख लेल्केस यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की शक्यतेच्या रूपात आकडा सांगितला की लोकांना निकालाची जास्त खात्री वाटते आणि मतदानाची इच्छा थोडी घटते. प्रयोगातली ही गोष्ट जशीच्या तशी निवडणुकीवर लादू नये. जनगणना विभागाच्या आकड्यांनुसार कृष्णवर्णीयांचे मतदान २०१२ मधल्या ६६.६ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५९.६ वर आले. याचे खापर चाचण्यांवर फोडणारे बरेच होते. पण ओबामा मतपत्रिकेवर नव्हते. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मतदान हक्क कायद्यातली केंद्राच्या पूर्वपरवानगीची तरतूद निष्प्रभ केल्यानंतरची ती पहिलीच अध्यक्षीय निवडणूक होती. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात ओळखपत्राची सक्ती नव्याने आली होती. माणूस मतदानाला आला नाही तर तो गाफील राहिला असे म्हणण्याआधी त्याच्या वाटेत काय ठेवले होते ते पाहावे लागते.

आकड्याच्या खात्रीचा एक परिणाम मात्र कागदोपत्री सापडतो, आणि तो मतदारांवर नसून एका अधिकाऱ्यावर आहे. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी २८ ऑक्टोबर २०१६ ला क्लिंटन यांच्या ईमेलची चौकशी पुन्हा सुरू केल्याचे संसदेला कळवले. क्लिंटन निवडून येणारच अशा वातावरणात आपण निर्णय घेत होतो आणि त्याचा प्रभाव पडला असणे शक्य आहे, असे त्यांनी २०१८ च्या पुस्तकात मान्य केले.

त्यानंतरचा अविश्वास

२०२० मध्ये बायडन जिंकले म्हणून चाचण्यांची चूक झाकली गेली. प्रत्यक्षात ती चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी होती. बायडन यांची आघाडी सरासरी ३.९ टक्क्यांनी फुगवून दाखवली गेली. ट्रम्प समर्थकांचा एक भाग माध्यमांवर आणि चाचण्यांवर विश्वासच ठेवत नसल्याने फोन उचलत नाही, असा तर्क आहे. पण जो बोललाच नाही त्याच्याबद्दल आकडेवारी कुठून आणायची? प्यूच्या दूरध्वनी चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८ मध्ये ६ टक्के.

२०२४ मध्ये मतदार दोन्ही टोकांना गेले. २७ जूनच्या वादफेरीनंतर बायडन यांचे आकडे दोन-तीन टक्केच घसरले, पण जुलैच्या एका चाचणीत सुमारे दोन तृतीयांश डेमोक्रॅटांना त्यांनी माघार घ्यावी असे वाटत होते. २१ जुलैला त्यांनी घेतली. कमला हॅरिस येताच पक्षात चैतन्य आले आणि आकडे चढले. चढलेल्यात नवे मत किती आणि पुन्हा बोलू लागलेले जुने मतदार किती, हा २०१२ चाच प्रश्न होता. मग २ नोव्हेंबरला ॲन सेल्झर यांची आयोवाची चाचणी आली : हॅरिस ४७, ट्रम्प ४४. सेल्झर यांनी २०१६ आणि २०२० मध्ये इतरांच्या उलट जाऊन ट्रम्प यांची आघाडी ७ टक्के सांगितली होती आणि त्या दोन्ही वेळा निकालाच्या जवळ होत्या. त्यामुळे एका राज्याच्या एका आकड्यावर देशभरातले हॅरिस समर्थक दोन दिवस जल्लोष करत राहिले. ट्रम्प यांनी आयोवा सुमारे १३ टक्क्यांनी जिंकले. काठावरची सातही राज्ये त्यांना मिळाली.

कायदा

अमेरिकेत चाचण्या प्रसिद्ध करण्यावर बंदी नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनादुरुस्ती आड येते. १९८० मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांत मतदान चालू असतानाच वाहिन्यांनी रोनाल्ड रेगन विजयी घोषित केले आणि जिमी कार्टर यांनी पराभवही मान्य केला. रांगेतले लोक घरी परतल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर वाहिन्यांनी स्वतःहून ठरवले की ज्या राज्यातले मतदान संपलेले नाही तिथला निकाल सांगायचा नाही. फ्रान्समध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी नव्या चाचण्या प्रसिद्ध करता येत नाहीत.

भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ अन्वये मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत दूरदर्शन व तत्सम माध्यमांतून निवडणूकविषयक मजकूर दाखवता येत नाही, आणि आयोग ओपिनियन पोलही त्यातच धरतो. एक्झिट पोलसाठी २०१० पासून कलम १२६अ लागू आहे. पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत ते छापता किंवा दाखवता येत नाहीत. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणूनच २०२४ च्या लोकसभेचे एक्झिट पोल सातवा टप्पा संपल्यावर, १ जूनच्या संध्याकाळी आले. त्यांतल्या बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला ३५० च्या पुढे नेले होते, मिळाल्या २९३. मते तोवर यंत्रांत बंद झालेली असल्याने मतदारांवर परिणाम व्हायचा प्रश्न नव्हता. तो शेअर बाजारावर झाला. ३ जूनला सेन्सेक्स सुमारे २,५०० अंकांनी चढला आणि ४ जूनला सुमारे ४,४०० अंकांनी कोसळला.